मोत्याचे डोळे

दिल्लीच्या सरकारी वसाहतीत आमच्या दाराशी मोत्या पडून असे. हिवाळ्यात त्याच्या पापण्या सुजल्या, कडांचे केस झडले, खपल्या धरल्या. आम्ही घरातलेच स्टेरॉइडचे जुने थेंब घालणार, तोच पशुवैद्यांनी आम्हांला थोपविले: "बुबुळावर व्रण असल्यास याने डोळाच जाईल!" रंगद्रव्याचा थेंब घालून त्यांनी पाहिले, व्रण नव्हता. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता मात्र डेमोडेक्स हे किडे आढळले. मग गोळ्या, कोमट शेक आणि खाजवू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखे कवच. दोन-तीन महिन्यांत पापण्या निवळल्या.

कागद न वाचता शेरा मारण्याची खोड कचेरीत खपून जाते. मोत्या आता टक लावून पाहतो. नजर चुकवितो ते आम्हीच.