चार फूट अकरा इंचांच्या मास्तरीणबाई

"बायकांच्या अंगात ताकद ती केवढी!" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा ते बोलणारीही बाईच असते. एडिथ गॅरड या इंग्रज बाईंची हकिगत वाचली आणि वाटलं, मैत्रिणींना ही सांगायलाच हवी.

एडिथबाईंचा जन्म १८७२ सालचा, बाथ गावचा. उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. यजमान विल्यम व्यायामशिक्षक. लग्नानंतर दोघं लंडनला आली आणि तिथे जुजुत्सू या जपानी कुस्तीशी त्यांची ओळख झाली. १९०४ मध्ये उयेनिशी या जपानी गुरूंच्या शाळेत दोघंही शिकू लागली. १९०८ मध्ये गुरुजी इंग्लंड सोडून गेले, तेव्हा शाळा विल्यमनी चालवायला घेतली आणि बायकामुलांचे वर्ग एडिथबाईंकडे आले.

या विद्येचं मर्म साधं आहे. समोरचा अंगावर आला की त्याला उलट ढकलायचं नाही. त्याच्याच जोराच्या दिशेने त्याला ओढून घ्यायचं, आणि तोल गेला की मनगट धरून खाली आणायचं. तो जितक्या जोरात येईल, तितक्या जोरात आपटेल!

त्या काळात तिथल्या बायका मताच्या हक्कासाठी लढत होत्या. त्यांच्या सभेत या जोडप्याचं प्रात्यक्षिक ठरलं. एरवी विल्यम बोलत आणि एडिथबाई करून दाखवत. पण संघटनेच्या पुढारी एमेलीन पँखर्स्ट यांनी, आज बोलायचंही तुम्हीच, असा आग्रह धरला म्हणे. एडिथबाई बोलल्या, आणि पुढे या बायकांच्या मास्तरीणबाईच झाल्या.

गरजही तशीच होती. १८ नोव्हेंबर १९१० रोजी सुमारे तीनशे जणी पार्लमेंटवर गेल्या, तेव्हा पोलिसांनी त्यांना मारलं, फरफटलं, नको तिथे हात घातले. महाराजा रणजितसिंहांची नात सोफिया दुलीपसिंह त्या मोर्चात होती. पुढे १९१३ मध्ये सरकारने कायदा केला, की तुरुंगात उपोषण करणारी बाई खंगली की तिला सोडायचं आणि जरा सावरली की पुन्हा पकडायचं. म्हणून पुढाऱ्यांच्या रक्षणासाठी पंचवीस-तीस जणींचं पथक उभं राहिलं. एडिथबाई त्यांना गुप्त ठिकाणी शिकवत. झग्याखाली लाकडी 'इंडियन क्लब' लपवलेले असत, म्हणजे आपल्याकडच्या मुद्गलांचाच इंग्रजी अवतार!

१९१८ मध्ये तिथल्या तिशीवरच्या काही स्त्रियांना मत मिळालं आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सगळ्यांना. एडिथबाई १९७१ मध्ये गेल्या, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी.

मला यातली एक गोष्ट फार विचार करायला लावते. जुजुत्सूत आधी पडायला शिकवतात, मग पाडायला. अंग सैल सोडून, डोकं सांभाळून पडायचं आणि लगेच उठायचं. आपण मुलींना नेमकं हेच शिकवत नाही. "जपून जा", "सातच्या आत घरी ये", "हळू बस" हे मात्र रोज सांगतो. शाळेत मी पाहते ना, पाचवीत मैदान गाजवणारी मुलगी आठवी-नववीत ओढणी सावरत कडेला उभी असते. तिची ताकद कुठे गेलेली नसते. ती वापरायची नाही, हे तिला आपणच शिकवलेलं असतं. मग एखाद्याने बसमध्ये धक्का दिला, तर ती आक्रसते आणि घरी येऊन सांगतही नाही.

जपून राहायला सांगू नये असं नव्हे. आईचा जीव आहे, काळजी वाटणारच. पण काळजीला थोडी विद्येची जोड हवी. जुजुत्सूतूनच निघालेला ज्यूदो आता कितीतरी गावांत शिकवतात. येत्या सुट्टीत मेंदी आणि शिवणाच्या क्लासबरोबर लेकीचं नाव तिथेही घाला. आणि "आई, तूपण चल ना" असं ती म्हणाली, तर स्वयंपाकाचं निमित्त सांगू नका. एडिथबाई शिकायला लागल्या, तेव्हा त्याही आपल्यासारख्या तिशीतल्या संसारी बाईच होत्या.