वेष्टीवरचा चेहरा

भाचराचा, म्हणजे माझ्या भावाच्या मुलाचा, पहिला पासपोर्ट काढायचा होता. भाऊ सिंगापूरला, वहिनी आणि अकरा महिन्यांचं बाळ आमच्यापाशी तंजावरात. मोठ्या माणसांना पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो न्यावाच लागत नाही, तिथे खिडकीपाशीच काढतात, आणि त्याचे वेगळे पैसेही पडत नाहीत. तरी कितीतरी लोक आदल्या दिवशी स्टुडिओत जाऊन आठ प्रती घेऊन येतात. फोटो सोबत न्यावा लागतो तो चार वर्षांखालच्या मुलाचा: साडेतीन सेंटीमीटर रुंद, साडेचार उंच, मागे पांढरं.

वहिनी त्याला स्टुडिओत घेऊन गेली. दिव्यांच्या झोतात बाळ रडून लाल झालं, कसाबसा एक फोटो मिळाला. संध्याकाळी पाकीट उघडलं आणि आई गप्प झाली. फोटोतलं मूल गोरंपान होतं. आमचं बाळ सावळं आहे, माझ्या वडिलांसारखं. डाव्या कानापाशी त्याच्या तांदळाएवढा डाग आहे, तोही पुसलेला. केंद्रातल्या बाईंनी फोटो पाहिला, बाळाकडे पाहिलं आणि परत दिला. चेहऱ्यावर फेरफार चालत नाही, म्हणाल्या. मला त्यांचं ते म्हणणं फार बरं वाटलं.

या गोरेपणाची सवय आपल्या डोळ्यांना फार जुनी आहे. आमच्या देवघरात फणसाच्या फळीवर रंगवलेला, सोन्याच्या वर्खाचा बाळकृष्ण आहे. गुबगुबीत, हातात लोणी, आणि अंग दुधासारखं पांढरं. तंजावर शैलीतले कितीतरी बाळकृष्ण असेच गोरे असतात, नाव मात्र कृष्ण. शिवगंगेच्या तळ्याजवळच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये तंजावरचे मराठा राजे सरफोजी आपल्या मरणाऱ्या गुरूचा, श्वार्ट्झ पाद्रीबाबांचा, हात धरून उभे आहेत. जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचं ते काम, संगमरवरात. राजेही पांढरे, पाद्रीबाबाही पांढरे. सरफोजी 1832 साली गेले. फोटोची कला जगापुढे आली 1839 मध्ये. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर ज्यांनी आपल्या भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवला, त्यांचा फोटो असणं शक्यच नव्हतं. त्यांचा वर्ण कसा होता, हे चितारी सांगतील तेवढंच. 1858 मध्ये लिनियस ट्राइप नावाचा कॅप्टन कॅमेरा घेऊन इथे आला आणि त्याने त्याच देवळाच्या जोत्यावरच्या शिलालेखांचे तुकड्यातुकड्यांनी फोटो घेऊन ते लांबच लांब पट्टीत जोडले. एक अक्षरही बदललं नाही. दगडाचा इतका मान राखला गेला, तो बाळाच्या गालाचा का राखू नये?

म्हणून दुसरा फोटो आम्ही घरी काढला. घराच्या मधोमध उघडा चौक आहे, त्याला इथे मुट्रम म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. सकाळी नऊच्या आधी ऊन खाली उतरत नाही. चौकाच्या कडेला नुसता मऊ उजेड असतो. तिथे जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर वडिलांची पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, सुरकुती न ठेवता ताणून. बाळाला निजवलं की मागे सावली पडत नाही आणि मान धरायला कुणाचा हात लागत नाही. आईने त्याच्या गालावरची तीट ओल्या फडक्याने पुसली आणि फोटोपुरती तळपायाला लावली.

मी स्टुलावर चढले. फोन अगदी तोंडाशी नेला तर नाक मोठं आणि कान लहान दिसतात, त्यामुळे हातभर अंतर ठेवून नंतर कातरलेलं चांगलं. फ्लॅश बंद. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, नजर सरळ हवी. अकरा महिन्यांच्या जिवाकडून हे तिन्ही एका क्षणी मिळवायचं. वहिनी माझ्या खांद्यामागून चांदीचा खुळखुळा हलवत होती. साठ-सत्तर फोटो झाले. इतका वेळ त्याच्याकडे मी कधीच पाहिलं नव्हतं. त्याची उजवी भुवई डावीपेक्षा जराशी वर आहे. थेट भावासारखी. आणि मग कुठूनसा कावळा ओरडला, बाळाने ओठ मिटून वर पाहिलं, आणि मिळाला.

चार बाय सहा इंचांच्या एका कागदावर या मापाचे आठ फोटो बसतात: वरच्या ओळीत चार, खालच्या ओळीत चार. तेवढी जुळणी फोनवर करून दुकानातून एकच प्रत छापून घेतली. दुकानदाराला बजावलं, रंगाला हात लावू नका. वीस रुपये लागले. स्टुडिओत दीडशे गेले होते, ते वेगळे.

घरात लहान मूल असेल तर तुम्हीही आधी हे करून पाहा. मागे पांढरं कापड, सकाळचा उजेड आणि थोडा धीर पुरतो. पासपोर्टचे अर्ज, मापं, तारखा नीट वाचा, पण चेहरा उजळवू नका.

केंद्रात या वेळी फोटो लगेच घेतला. पासपोर्ट टपालाने आला तेव्हा आईने चष्मा लावून आधी डावा कान शोधला. डाग होता.