बस्कीस, मुक्काम लहान आतडे

फॅसिओलॉप्सिस बस्की,

मायन्यातच अडलो. तू उभयलिंगी पर्णकृमी, चि. लिहावे की सौ.? म्हणून नुसते नाव. तेही साहेबाचे. 1843 साली लंडनला ड्रेडनॉट या इस्पितळ-जहाजावर एका हिंदी खलाशाच्या शवविच्छेदनात जॉर्ज बस्क यांना तू सापडलास. पोट आमच्या माणसाचे, नाव त्यांचे!

सुरतेत आतड्यातल्या पर्णकृमीची शंका आली की पुस्तकी प्रश्न येतो: कच्ची मासळी खाता का? लिंबायत-उधन्याच्या खानदेशी घरांत मासा तळून नाहीतर रश्श्यात शिजूनच ताटात येतो. रुग्ण 'नाही' म्हणतो आणि विषय मिटतो. कच्च्या मासळीतून येतात ते तुझे चुलतभाऊ, हेटेरोफाइस आणि मेटागोनिमस. देह एक ते अडीच मिलिमीटर, अंडी जेमतेम 30 मायक्रॉन, यकृतातल्या कृमींच्या अंड्यांशी हमखास गफलत होणारी. तू मात्र बोटाएवढा वाढतोस आणि तुझ्या वाटेवर मासा लागतच नाही. तळ्यातल्या गोगलगायीतून निघून तू शिंगाड्याच्या सालीला चिकटतोस. दाताने साल सोलणारा तुला गिळतो.

हे बिहार-आसामचे दुखणे म्हणून हात झटकता येत नाहीत. पालघर तालुक्यातल्या तुझ्या प्रादुर्भावाचा अभ्यास 1972 सालीच छापून आला, आणि पालघर आमच्याच रेल्वेमार्गावर आहे. शिवाय इथले लूम चालवणारे अनेक हात बिहार-उत्तर प्रदेशातले. गावी शिंगाडे खाऊन आलेल्याच्या पोटात तू सुमारे तीन महिने अंडी घालत नाहीस, म्हणून लगेच केलेली शौचतपासणी कोरी निघते. पुढे रोज हजारो घालतोस, झाकणाची, 130-140 मायक्रॉनची. सूक्ष्मदर्शकाखाली ती चुकणे कठीण. पण फॅसिओला या दुसऱ्या पर्णकृमीची अंडीही हुबेहूब तशीच, आणि त्याचे बिऱ्हाड यकृतात. औषधही वेगळे. जंताची नेहमीची अल्बेंडाझोलची गोळी तुझ्यावर भरवशाची नाही. तुला प्राझिक्वांटेल लागते.

तेव्हा डॉक्टरांना एवढेच सांगणे आहे, तुझ्यादेखत: मासळीचा प्रश्न राहू द्या, पण गाव कोणते आणि शिंगाडा कशाने सोलता हेही विचारा. संशय असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा नमुना घ्या. आणि औषधानंतर तू बाहेर पडलास, तर रुग्णाने तुला पाणी ओतून घालवू नये. डबीत घालून सरळ प्रयोगशाळेत आणावे. अंड्यांवरून न मिटलेला वाद तिथे तुझ्या देहावरून मिटेल.