बोट येईपर्यंत

भाऊबीजेला ओवाळायचे म्हणजे भाऊ समोर पाटावर बसलेला असावा लागतो. आमच्या घरात ही अट २००८ साली पहिल्यांदा मोडली. धाकटा भाऊ न्यू जर्सीला होता, मी साताऱ्याला. आणि ओवाळणी झाली ती या दोन्ही ठिकाणी नव्हे, तर अ‍ॅझेरॉथ नावाच्या एका काल्पनिक जगात, एका बंदराच्या धक्क्यावर. पाट नव्हता, तबक नव्हते. त्या जगात स्वयंपाकाची विद्या शिकलेल्या माणसाला शेकोटी पेटवता येते. तेव्हा निरांजनाच्या जागी मी शेकोटी पेटवली आणि भावाभोवती तीन वेळा धावले. भावाने दहा सुवर्णमुद्रा घातल्या. इतकी घसघशीत ओवाळणी त्याने मला पूर्वी कधी घातली नव्हती, आणि इतकी निरुपयोगीही!

बी. ए.च्या वर्गाला मराठी शिकवणाऱ्या बाईने हे असले उद्योग करावेत याचे वाचकांना नवल वाटेल. मला स्वतःला ते अजून वाटते. खेळाचे नाव ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. २००४ च्या नोव्हेंबरात तो अमेरिकेत सुरू झाला. अशा खेळात हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच वेळी शिरतात. प्रत्येक जण एक सोंग घेतो आणि ते महिनोन् महिने वाढवीत नेतो. बुद्धिबळाचा डाव संपतो, क्रिकेटचा सामना संपतो. हा खेळ संपत नाही. दरमहा वर्गणी मात्र भरावी लागते. माझी वर्गणी भाऊच भरी. “ताई, फोनवर तू नुसतं ‘जेवलास का?’ विचारतेस आणि मी ‘हो’ म्हणतो. इकडे ये, म्हणजे काहीतरी बोलता तरी येईल,” असे तो म्हणाला, आणि मी गेले.

तो झाला बुटका योद्धा आणि मी झाले जखमा बऱ्या करणारी पुजारीण. तिथल्या गुहांमध्ये पाच जणांनी मिळून उतरायचे असते: एकाने पुढे उभे राहून मार खायचा, एकाने त्याच्या जखमा भरून काढायच्या आणि तिघांनी शत्रूला झोडपायचे. पतंगापायी फुटलेली भावाची ढोपरे मी लहानपणी पुष्कळ धुतली होती, तेव्हा काम नवे नव्हते. इथे पहाटेचे साडेपाच, तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात, ही आमची हिवाळ्यातली वेळ. एवढ्या पहाटे मला संगणकापुढे पाहून सासूबाईंना वाटे, सूनबाई पीएच. डी. करते आहे. हा गैरसमज मी दूर केला नाही. पीएच. डी. काही झाली नाही ती नाहीच.

त्या जगात अंतर फार होते. गावाहून गावी बहुधा पायी जायचे. भाड्याच्या गरुडासारख्या पक्ष्यावर बसले, तरी काही मिनिटे नुसते खालचे डोंगर पाहत बसावे लागे. समुद्र ओलांडायचा तर धक्क्यावर बोटीची वाट पाहायची. मला या खोळंब्याचा राग येई. सकाळचे कॉलेज, साडेसातचा तास. आणि इथे मी एका चित्रातल्या बोटीसाठी तिष्ठत उभी!

२००९ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मेनेथिल नावाच्या दलदलीकाठच्या बंदरात आम्ही थेरामोरच्या बोटीची वाट पाहत उभे होतो. भावाची अक्षरे पडद्यावर उमटली: “ताई, एक सांगायचं होतं. नोकरी गेली. तीन आठवडे झाले. आईला बोलू नकोस.”

त्या आधीच्या रविवारीच मी त्याला फोन केला होता. तो जेवला होता.

बोट आली. आम्ही चढलो नाही. ती गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. त्या दिवशी मी साडेसातच्या तासाला गेले नाही. पुढचे चार महिने, त्याला दुसरी नोकरी लागेपर्यंत, मी एक पहाट चुकवली नाही. फोनवर हे त्याला बोलता आले नसते, आणि समोरासमोर तर नाहीच. बोट येईपर्यंत दुसरे काही करण्याजोगे नव्हते, म्हणून ते बोलले गेले.

आता मुद्द्यावर येते. २०१० च्या ऑक्टोबरात या खेळाचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर पोचले होते. २०१५ च्या सप्टेंबरअखेर ते ५५ लाख उरले, आणि त्यानंतर कंपनीने आकडा जाहीर करणेच थांबवले. इतकी माणसे का गेली असतील? जाणकार जी कारणे सांगतात ती खोटी नाहीत. नवा मुलूख रचायला कारागिरांना वर्ष-दोन वर्षे लागतात. हावरे खेळाडू तो काही आठवड्यांत फस्त करतात. शिवाय पायऱ्यांची गंमत पाहा. आरंभी साठावी पायरी म्हणजे कळस होता. २००७ मध्ये कळस सत्तरावर गेला, २००८ मध्ये ऐंशीवर, २०१० मध्ये पंच्याऐंशीवर. दर वेळी, महिनोन् महिने खपून मिळवलेली तलवार नव्या मुलखातल्या पहिल्या काही दिवसांच्या कमाईपुढे भंगार ठरे. जुने खेळाडू सगळे कळसावर, आणि नव्याने येणाऱ्याला खालची गावे ओस पडलेली दिसत.

पण या कारणांनी माणूस कंटाळतो, एवढेच सिद्ध होते. कंटाळलेला माणूस उठून जातोच असे नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुले माझ्या व्याख्यानासाठी येत नाहीत. ती शेजारच्यासाठी येतात. त्या बाकावरचा एक गैरहजर राहू लागला, की पंधरा दिवसांत सबंध बाक रिकामा होतो. व्याख्यान मात्र पूर्वीइतकेच कंटाळवाणे असते!

आमच्या मंडळात अमेरिकेतला एक वयस्क ट्रकचालक होता. तो त्याआधी ‘एव्हरक्वेस्ट’ नावाचा, १९९९ साली निघालेला खेळ खेळत असे. तिथे एका भुयारात खेळाडूंनी आपण होऊन बाजार भरवला होता. आपल्याकडच्या आठवड्याच्या बाजारात चालतो तसाच कोलाहल तिथे चाले: ओरडून माल सांगायचा, घासाघीस करायची, ओळखीचा भेटला की घटकाभर थांबायचे. २००१ च्या डिसेंबरात खेळाच्या कर्त्यांनी सोय म्हणून एक अधिकृत बाजार बांधला. आपले सोंग तिथे माल मांडून उभे करायचे आणि खुशाल झोपी जायचे. गिऱ्हाईक यादीत पाहून माल नेई. पुढल्या वर्षी क्षणात दूरदेशी पोचवणाऱ्या शिळा आल्या, आणि बोटींची वाट पाहणे संपले. “सगळं मनासारखं झालं,” म्हातारा म्हणे, “आणि भुयारात चिटपाखरू उरलं नाही.” एव्हरक्वेस्ट आजही चालू आहे, पण म्हातारा तिथून उठून आमच्याकडे आला होता.

आमच्याकडे ही सोय २००९ च्या डिसेंबरात आली. पूर्वी गुहेत उतरायचे तर गावात हाळी द्यावी लागे, पाच माणसे जमवावी लागत, आणि बहुतेकांना गुहेच्या तोंडापर्यंत वाट तुडवावी लागे. वाटेत कोण कुठला ते कळे. आता एक बटण दाबले, की निरनिराळ्या सर्व्हरवरची पाच अनोळखी माणसे थेट गुहेत येऊन पडत. अर्ध्या तासात काम फत्ते, आणि ज्याची त्याची वाट वेगळी. रामराम नाही, श्यामश्याम नाही.

या बटणाने खेळ बुडवला असे मी म्हणणार नाही. ते आल्यावरही दहा महिने वर्गणीदार वाढतच होते, आणि खेळ आजही चालू आहे. पण एक गोष्ट त्याने नक्की केली. पूर्वी खेळ सोडायचा तर कुणाला तरी सांगावे लागे: “उद्यापासून मी नाही.” त्या सांगण्याच्या संकोचानेच कितीतरी माणसे राहत. आता कुणाचाच निरोप घ्यावा लागेना. कंटाळा पूर्वीही होता. आता त्याच्या वाटेत कुणी आडवे येईना.

आमच्या माहेरच्या वाड्यात अंगणात एकच नळ होता. बिऱ्हाडोबिऱ्हाडी नळ आले तेव्हा आईने पेढे वाटले. वर्षभराने ती म्हणाली, “पलीकडच्या काकूंना बरं नव्हतं म्हणे. मला कळलंच नाही.” पण सामायिक नळ परत आणा, असे ती कधी म्हणाली नाही. कोण म्हणेल? सोय आम्हीच मागितलेली असते.

मीही मागितली होती. २०१० मधल्या एका सकाळी भाऊ म्हणाला, “ताई, आज बटण नको. बोटीनं जाऊ, मग चालत.” माझ्या डोळ्यांपुढे साडेसातचा तास होता. “कशाला उगीच?” मी लिहिले, “दाब ना बटण.” त्याने दाबले. आम्ही वीस मिनिटांत गुहा संपवली आणि मी वेळेवर कॉलेजात पोचले.

मंडळाच्या यादीत प्रत्येक नावापुढे, तो माणूस शेवटचा कधी येऊन गेला ते दिसे. दोन दिवस, दोन आठवडे, दोन महिने. एकेक नाव करडे होत गेले. २०११ मध्ये म्हाताऱ्या ट्रकचालकाचे नावही करडे झाले. त्याला काय झाले ते विचारायला आमच्याजवळ त्याचे खरे नावसुद्धा नव्हते. त्याच वर्षी भावाचे लग्न झाले. २०१२ मध्ये तो फोनवर म्हणाला, “ताई, वर्गणी बंद करू का? मी आता तुझ्यासाठीच येतो.” मी म्हटले, “अरे, मी तुझ्यासाठी येते!” दोघेही हसलो, आणि वर्गणी बंद झाली. हसण्याच्या भरात एक गोष्ट ध्यानात आली नाही. एकमेकांसाठी येणे हे काही खेळ सोडण्याचे कारण नव्हे. पुढल्या रविवारी मी त्याला फोन केला आणि विचारले, “जेवलास का?”

२०१९ च्या २७ ऑगस्टला कंपनीने जुना खेळ जसाच्या तसा पुन्हा उघडला. त्यात ते बटण नव्हते. मी स्वतःच्या पैशांनी वर्गणी भरली, कासवाच्या गतीने पायऱ्या चढले आणि मेनेथिलच्या धक्क्यावर जाऊन उभी राहिले. तीच दलदल, तीच बोट, तितकाच खोळंबा. माणसेही पुष्कळ होती. भावाला बोलावले होते. पण त्याच्या मुलीचा त्या वेळी पोहण्याचा वर्ग असतो. मी एकटीच बोटीत चढले आणि दोन महिन्यांनी खेळ सोडला. कुणाला सांगावे लागले नाही.

गेल्या भाऊबीजेला मी त्याला विचारलेच: “त्या दिवशी तू चालत जाऊ म्हणालास, तेव्हा काही सांगायचं होतं का रे?” तो बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, “असेल. आता नाही आठवत, ताई.”

तेव्हापासून रविवारी आम्ही फोनवर साप्ताहिकातले शब्दकोडे सोडवतो. मी सूचना वाचते, तो उत्तरे सांगतो. त्याचे मराठी गंजले आहे. ‘आडवे सात’ला अर्धा तास जातो. त्याची मुलगी म्हणते, यंत्राला विचारलं तर एका क्षणात सांगेल. आम्ही विचारत नाही. अडलेल्या शब्दापाशी दोघेही गप्प बसून राहतो. भिंतीवरचे घड्याळ ऐकू येते. आणि एखाद्या रविवारी, चौथे अक्षर काही केल्या जुळत नसताना, पलीकडून आवाज येतो:

“ताई, एक सांगायचं होतं.”