लग्न खरे आहे, साक्षीदार कुठून आणायचे?

बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या स्वतःच्या अनुभवांवर जे टिपण लिहिले, त्याचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यातला एक प्रसंग आपल्या खान्देशातला आहे. १९२९ साली धुळ्याचे काम आटोपून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. तिथून त्यांना महारवाड्यात जायचे होते. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तोड निघाली की टांगा देतो, पण हाकणारा तुमचा आणा. सवय नसलेल्या आपल्या माणसाने लगाम धरला आणि पुलावर टांग्याचा अपघात झाला. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला.

ज्याला स्वतःच्या देशात स्टेशनपासून वस्तीपर्यंत जायला दुसऱ्याची परवानगी लागते, तो घरातच व्हिसाच्या रांगेत उभा आहे. टिपणाच्या नावाचा अर्थ आम्ही असा लावतो.

यंदा भीमजयंतीला आमच्या वस्तीतल्या पोरांनी मोबाईलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ बनवण्याची स्पर्धा ठेवली. विषय ठरवायच्या बैठकीत शिष्यवृत्ती, खाजगीकरण, व्यसनमुक्ती असे नेहमीचे विषय निघाले. एका मुलीने 'नवरा-बायको आणि व्हिसाचा कायदा' हा विषय मांडला, तेव्हा हशा पिकला. एक आजोबा म्हणाले, "व्हिसानं आपले काय करनं शे?" प्रश्न रास्त आहे. आम्ही जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत आंतरजातीय जोडप्यांच्या कागदपत्रांचे काम करतो. त्या कामातून या प्रश्नाचे जे उत्तर सापडले, ते इथे मांडत आहोत.

एक जोडपे आहे. नावे सांगत नाही. मुलगा बौद्ध, जळगाव जिल्ह्यातला. मुलगी धुळ्याकडची, सवर्ण घरातली. विशेष विवाह कायदा १९५४ खाली दोघांनी लग्न केले. या कायद्यात लग्नाची नोटीस तीस दिवस कार्यालयात लागते, म्हणजे ज्यांच्यापासून लपायचे त्यांनाच पत्ता मिळतो. ते तीस दिवस दोघांनी कसे काढले ते आम्हाला माहीत आहे. लग्नाच्या दिवशी कायद्याला लागतात तेवढेच तीन साक्षीदार होते. मुलीच्या घरचे कोणीच नव्हते, आणि मुलाच्या आई-वडिलांनाही भीतीपोटी आम्हीच येऊ नका म्हणून सांगितले होते. फोटो दोनच, अधिकाऱ्याच्या टेबलासमोरचे.

आज मुलगा कॅनडात कायम रहिवासी आहे. बायकोला नेण्यासाठी त्याने अर्ज केला. त्या अर्जात लग्नाला किती माणसे होती, घरच्यांना हे नाते ठाऊक आहे का, असे प्रश्न असतात. सोबत फोटो जोडायचे असतात. लग्न केवळ व्हिसासाठी केलेले नाही, हे पटवायचे असते. एका एजंटाने सल्ला दिला, "एखादा हॉल घ्या, फेटे बांधा, शंभर माणसे जेवायला बोलवा, मुलीची आई म्हणून कोणालाही उभी करा आणि फोटो काढा." म्हणजे ज्या लग्नासाठी दोघांनी जीव धोक्यात घातला ते संशयास्पद, आणि भाड्याच्या आईसोबतचे खरे!

मित्रांनो, इथे नीट विचार करा. बनावट लग्ने होतात, हे आम्ही नाकारत नाही. त्यामुळे कोणत्याही देशाने चौकशी करू नये, असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न असा आहे की खरे लग्न कशावरून ओळखायचे? दोन्ही घरची मंडळी, मोठा मांडव, मानपान, शेकडो पाहुणे ही ज्या लग्नाची खूण, ते लग्न भारतात बहुतेक वेळा जातीतलेच असते. जातीबाहेर पडलेल्यांकडे नेमकी हीच खूण नसते. परदेशी अधिकाऱ्याच्या मनात जात नसेलही, पण त्याच्या फुटपट्टीत ती आपोआप शिरते.

इतिहास पाहिला तर ही फुटपट्टी काही वेळा आपल्याच देशातल्या लोकांनी त्यांच्या हातात दिली आहे. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जातीचे सार जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, हे त्यांनी तिथे दाखवून दिले. सातच वर्षांनी, १९२३ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वाचा खटला चालला. नागरिकत्व गोऱ्यांना मिळत होते. थिंड यांच्या बाजूने युक्तिवाद झाला की आम्ही उच्चजातीय आर्य आहोत, आणि जातीबाहेर लग्न होत नसल्याने आमचे रक्त शुद्ध राहिले आहे. बाबासाहेबांनी ज्याला रोग म्हटले, तेच इथे गुणपत्रिका म्हणून सादर झाले. न्यायालयाने ते मानले नाही. पुढे अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही काढून घेतले गेले. नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्या अशा आशियाई पुरुषाशी लग्न केलेल्या अमेरिकन बाईचे नागरिकत्वही १९३१ पर्यंत जात असे. जातीचा दाखला दाखवून वंशवादाच्या दारातून आत जाता येत नाही, हा त्या खटल्याचा धडा.

१९७९ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक भारतीय शिक्षिका तिच्या नियोजित वराशी लग्न करण्यासाठी उतरली. ती खरोखर वधू आहे का हे ठरवण्यासाठी तिची कौमार्य चाचणी करण्यात आली. भारतीय वधू म्हणजे कुमारीच असणार, हा मनूचा नियम तिथे गोऱ्या अधिकाऱ्यांनी तपासणीचा नियम म्हणून वापरला. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला आणि ती पद्धत थांबवावी लागली.

आता आपल्या देशातल्या कायद्याकडे या. १९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉली राणी खटल्यात सांगितले की हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न विधीशिवाय होत नाही, नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने कोणी नवरा-बायको ठरत नाही. परदेशी व्हिसासाठी आधी नोंदणी उरकून समारंभ पुढे ढकलण्याच्या प्रथेचाही न्यायालयाने समाचार घेतला. हा निकाल आपल्याला थेट लागू पडतो, कारण या कायद्याच्या कलम २ प्रमाणे बौद्धही त्यात मोडतात. कलम ७ म्हणते की लग्न दोघांपैकी एका पक्षाच्या रूढ विधीने झाले पाहिजे. आपला विधी कोणता? त्रिशरण, पंचशील, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर घेतलेली प्रतिज्ञा, पुष्पमाला. हा विधी साधा आहे म्हणून तो कमी नाही. पण तो झाल्याचा पुरावा आपण ठेवतो का? स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी आपण करतो, ती केलीच पाहिजे. तोवर आहे त्या कायद्यात आपल्या पोरांचे संसार अडकू द्यायचे का?

आमचे म्हणणे एवढेच आहे. जातीतल्या लग्नाला अख्खी जात साक्षीदार असते. जात मोडणाऱ्या लग्नाला चळवळीने साक्षीदार व्हायला हवे. सध्या आपण अशा जोडप्याचे फेसबुकवर अभिनंदन करतो, फोटोला 'क्रांतिकारी पाऊल' लिहितो आणि आपापल्या घरी जातो. चार वर्षांनी त्यांना साक्षीदार लागतो तेव्हा फोन उचलायला कोणी नसते.

म्हणून प्रत्येक तालुक्यातल्या विहाराने एक विवाह वही ठेवावी. तारीख, ठिकाण, विधी लावणारे बौद्धाचार्य किंवा भन्ते, हजर असलेल्यांच्या सह्या आणि पत्ते तिच्यात असावेत. विधीचा व्हिडिओ काढून तो जपावा. विधीने झालेल्या लग्नाची महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांच्या आत नोंदणी करावी. बौद्धाचार्यांचा दाखला म्हणजे ती नोंदणी नव्हे, हे घरोघर सांगावे. नोटिशीचे तीस दिवस जोडप्याला एकटे सोडू नये. आणि पुढे साक्ष द्यायची वेळ आली, तर निदान दहा माणसांनी आपल्या नावानिशी लिहून द्यावे की हे लग्न आम्ही पाहिले आहे.

त्या जोडप्याने एजंटाला नकार दिला. आई-वडील लग्नाला का नव्हते, हे त्यांनी जातीचे नाव घेऊन सरळ लिहिले. तिन्ही साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे आणि त्यांना आसरा देणाऱ्या कुटुंबाचे पत्र जोडले. अर्ज अजून विचाराधीन आहे. निकाल काहीही लागो, खोटा मांडव त्यांनी उभारला नाही.

स्पर्धेसाठी तोच विषय कायम झाला आहे. भाग घेणाऱ्या पोरा-पोरींना एवढेच सांगणे आहे की रडके संगीत लावू नका. आपल्या गावात जातीबाहेर लग्न केलेले जोडपे शोधा. त्यांची परवानगी असेल तरच चेहरा दाखवा. त्यांना विचारा, तुमच्या लग्नाला कोण आले होते, कोण आले नाही आणि का? मग स्वतःला विचारा, आपण तेव्हा कुठे होतो?

जय भीम! नमो बुद्धाय!