घसारा वजा जाता

पोहता न येणाऱ्या माणसाला बोट निवडायला नेऊ नये, असा नियम आमच्या बँकेत नाही. त्यामुळे सुट्टीत साउदॅम्प्टनला मेहुण्यांकडे गेलो आणि अडकलो.

"जावईबापू, शिडाची जुनी बोट घेतोय. किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायला. तुम्ही कर्जखात्यातले, चला बघायला."

कर्जखात्यातला खरा, पण आजवर माझ्याकडे तारण आलेल्या वस्तूंत सर्वांत चंचल वस्तू म्हणजे स्कूटर!

निघताना सौ.नं मला जिन्यात गाठलं. "अहो, काहीतरी खोट काढा. वहिनी होती तेव्हा ठीक होतं. आता दादा एकटा समुद्रावर?"

पहिली बोट बत्तीस फुटी. नवा रंग, पडदे, फ्रीजसुद्धा. शिवाय स्वस्त. स्वस्त म्हटल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. दादांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं डेक ठोकायला सुरुवात केली. टक, टक, टक... थप! फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं की ते कुजतं, आणि कुजलं की 'थप' म्हणतं. डोलकाठी सावरणाऱ्या तारा कधी बदलल्या, ते मालकाला आठवेना. त्या दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्याच लागतात. तारा, शिडं, इंजिन अशी बेरीज केली, तर ती किमतीच्या पुढे गेली. म्हणजे किंमत हा फक्त पहिला हप्ता!

दुसरी बोट १९७३ सालची, वेस्टर्ली सेंटॉर, सव्वीस फुटी. रंग आमच्या रेकॉर्ड रूमच्या भिंतीचा. ओहोटीच्या चिखलात ती दोन पायांवर शांत उभी होती. हिच्या पोटाखाली एकाऐवजी दोन कील असतात, म्हणून पाणी गेलं तरी कलंडत नाही. १९६९ पासून अशा चोवीसशेहून जास्त बोटी निघाल्या. त्यामुळे माहीतगार मिळतात. फक्त कील जिथे बोटीला जोडलेले असतात, तो सांधा नीट तपासायचा.

घसारा लावला तर पुस्तकी किंमत शून्य. पण म्हाताऱ्या मालकानं एक फाइल पुढे केली. बोटीतलं मला कळत नाही, व्हाउचरमधलं कळतं. सांधा मजबूत केल्याची पावती, तारा बदलल्याची पावती, इंजिन तेलाच्या पावत्या, सगळं तारीखवार! आमच्या शाखेतसुद्धा एवढं नीट फाइलिंग नाही. तरी म्हटलं, "दादा, स्वतंत्र सर्व्हेअर आणू. विकणाऱ्याचा नव्हे, आपला." सर्व्हेअर आला, दिवसभर ठोकून गेला. कुठेही 'थप' नाही.

घरी सौ.नं विचारलं, "सापडली खोट?"

"सापडली. नांगरून ठेवण्याचं भाडं, रंग, डागडुजी. दर वर्षी पैसे बाजूला काढावे लागतील. कागदावर मांडून दिलंय."

"मग दादा काय म्हणाला?"

"लाइफ-जॅकेट घ्यायला घेऊन गेला. दोन घ्यायची त्याची जुनी यादी होती. दुसऱ्यापुढचं नाव बघून तो तिथेच थांबला."

"मग हो?"

"मग काय! दुसऱ्याचा साइज मी सांगितला. एक्स्ट्रा लार्ज."