समुद्रकाठचे घर आणि परिग्रहाचे परिमाण

सोलापूर ही कोरडवाहू मुलखातील पेठ. येथील मुलांची पाण्याशी पहिली ओळख सिद्धेश्वर तलावाच्या काठी होते. समुद्र दूर पश्चिमेला, घाटांच्या पलीकडे. तरीही या नगरीचे समुद्राशी नाते जुने आहे. येथील दिगंबर जैन कुटुंबात 1882 मध्ये जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनी उभारली आणि 5 एप्रिल 1919 रोजी तिचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. सोलापुरी टॉवेल तर केव्हाच सातासमुद्रापार पोहोचले. आता चाटी गल्लीतील पेढ्यांवरही एखाद्या निवांत दुपारी नवा विषय निघू शकतो : परदेशात, समुद्राला लागून, परवडेल असे घर घ्यावे काय?

हा विषय बहुधा तरुण पिढी काढते. बालीतील तुलांबेन किंवा थायलंडमधील को ताओ येथे पाठीवर हवेची टाकी बांधून स्कूबा डायव्हिंग करून आलेल्या तरुणाला तेथेच घर असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. व्यापाऱ्याची दृष्टी मात्र प्रथम कागदाकडे जाते. इंडोनेशियात जमिनीची पूर्ण मालकी तेथील नागरिकालाच मिळते. परकीयाच्या हाती मुदतीचा हक्क येतो. थायलंडमध्ये परकीयाला सामान्यतः जमीन घेता येत नाही. सदनिका घेता येते, पण इमारतीतील सदनिकांच्या एकूण क्षेत्रापैकी 49 टक्क्यांपर्यंतच. स्थानिक माणसाच्या नावावर घर घेणे म्हणजे बेनामी व्यवहार. तंटा झाल्यास मुद्दलही धोक्यात.

आपल्याकडील नियमही ध्यानात घ्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. अशा खरेदीसाठी 10 लाख रुपयांहून अधिक पाठवल्यास वरच्या रकमेवर बँक 20 टक्के कर आधीच गोळा करते. तो पुढे प्राप्तिकरात वळता होतो; तोवर भांडवल मात्र अडकून राहते. ही मालमत्ता दरवर्षी विवरणपत्रात दाखवावी लागते. न दाखवल्यास 10 लाख रुपये दंड होऊ शकतो.

हा हिशेब मांडल्यावर पुष्कळांची नजर आपल्याच किनाऱ्याकडे वळते. सांगोला, मिरज, कोल्हापूर करीत गाडी घाट उतरली की मालवण येते. समोर कुरटे बेटावर, 1664 मध्ये बांधकाम सुरू झालेला सिंधुदुर्ग उभा आहे. या परिसरातील समुद्राला 1987 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. मालवण, तारकर्ली, देवबाग येथून पावसाळा सरल्यावर होड्या निघतात. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हात धरून पाण्याखाली नेतो. तोंडाने संथ श्वास घ्यायचा, एवढेच प्रथम शिकावे लागते.

खाली प्रवाळ दिसतात. जवाहिऱ्याला प्रवाळ ठाऊक असते ते अंगठीतील पोवळ्याच्या रूपाने. जैन शास्त्रांनी त्याची गणना पृथ्वीकायिक जीवांत केली आहे. आधुनिक विज्ञान त्याला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. दोन्ही दृष्टींनी ते सजीव आहे. त्यावर पाय न टेकणे, त्याला हात न लावणे, माशांना पावाचे तुकडे न टाकणे, एवढा संयम प्रत्येक श्रावकाला सहज साधावा.

येथे तरी घर घ्यावे काय? विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवे घर बांधण्यास सामान्यतः मनाई आहे. शेतजमीन घ्यायची तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो; पिढ्यान्‌पिढ्या पेढी सांभाळणाऱ्या पुष्कळ घरांकडे सातबारा नसतो. शिवाय खारी हवा लोखंड गंजवते, पावसाळी ओल भिंतीत मुरते, आणि वर्षातील फार तर पंधरा दिवसांसाठी उघडणाऱ्या घराला बारा महिने राखणदार लागतो.

बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत पहिली दोन नावे येतात ती क्षेत्र आणि वास्तू यांची, म्हणजे जमीन आणि घर. परिग्रह-परिमाण व्रत घेतलेला श्रावक आपल्या घरांची आणि जमिनींची मर्यादा आधी ठरवतो, बाजारभाव नंतर पाहतो. ज्याच्या मर्यादेत आणखी एक घर बसते, त्याने वकिलाकडून कागद तपासून ते अवश्य घ्यावे. ज्याची मर्यादा भरली आहे, त्याला तारकर्लीत चार दिवस भाड्याची खोली पुरते. शिदोरीतील दशम्या आणि शेंगाचटणी काढावी, सूर्य पाण्याला टेकण्यापूर्वी जेवण उरकावे, आणि मग मुलांना घेऊन निश्चिंतपणे वाळूत बसावे. परतताना मागे कुलूप लावायचे नसते.